दूरस्थ सेवा आणि तिचा मुखत्यार

नाशिकरोड येथील इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून १९२० च्या दशकापासून जो मुद्रांकित कागद देशभर गेला, त्यावर खरेदीखते, गहाणखते आणि करारनामे यांच्या बरोबरीने मुखत्यारपत्रेही लिहिली गेली. ‘मुखत्यार’ हा शब्द मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ ‘निवडलेला’, आणि त्यावरून ‘ज्याच्या हाती अधिकार आहे असा’. मुखत्याराचे वैशिष्ट्य असे की, तो समोर उभा असला म्हणजे मूळ धनी समोर आहे असेच व्यवहार मानतो. धनी मुंबईस असो की मोंबासास, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत त्याची सही मुखत्याराच्या हाताने होते आणि ती धन्याचीच ठरते. अंतर त्यामुळे नाहीसे होत नाही. ते नाही असे समजून वागण्यास सर्वांनी संमती दिलेली असते, एवढेच.

संगणकशास्त्राच्या गेल्या अर्धशतकाच्या इतिहासात हीच संमती यंत्रांकडून मिळविण्याचा एक दीर्घ प्रयत्न दिसतो. एका यंत्रावरील आज्ञावलीस दूरच्या दुसऱ्या यंत्राकडून काम करवून घ्यावयाचे असते. मधल्या तारा, निरोपांची बांधणी, उत्तराची वाट पाहणे, हे सर्व आज्ञावली लिहिणाऱ्याने स्वतः पाहावयाचे की त्याच्या घरी एक मुखत्यार ठेवून द्यावयाचा? दुसरा मार्ग स्वीकारला, तर आज्ञावली मुखत्याराला हाक मारते, मुखत्यार निरोप बांधून पाठवितो, आलेले उत्तर सोडवून हाती देतो, आणि हाक मारणाऱ्यास काम घरातच झाल्यासारखे वाटते. या मुखत्यारास इंग्रजीत कधी ‘स्टब’, म्हणजे खुंट, तर कधी ‘प्रॉक्सी’ म्हटले गेले. विशेष हे की, तो माणसाने लिहावा लागत नाही. सेवेचा करार यंत्राच्या हाती दिला की यंत्रच तो घडविते.

या प्रयत्नाचा वृत्तांत पाहण्यापूर्वी त्याहून जुन्या एका व्यवहाराची आठवण ठेवणे उपयोगी पडेल. हुंडीतून संगणकाची कल्पना निघाली, असे म्हणणे हास्यास्पद होईल. साम्य आहे ते अडचणीचे. नाशिकच्या सराफाने पुण्याच्या पेढीवर हुंडी लिहिली म्हणजे तीही दूरस्थ सेवेस घातलेली हाकच होती. कागद वाटेत हरवेल, कोणी आकडा फिरवील, पैसे दोनदा दिले जातील, ही भये लिहिणाऱ्यासमोर असत, आणि हुंडीच्या मजकुराची घडण या भयांतूनच झालेली आहे. रक्कम आकड्यात लिहावयाची, अक्षरांत लिहावयाची, शिवाय तिची निमपट सांगून तिची दुप्पट पुरी द्यावी असेही लिहावयाचे. मूळ हुंडी गहाळ झाली तर ‘पेठ’ लिहिली जाई, तीही हरवली तर ‘परपेठ’. आणि पहिली वटली असल्यास दुसरीवर पैसे द्यावयाचे नाहीत, हे त्या कागदातच आलेले असे. वटलेल्या हुंडीस ‘खोका’ म्हणत. तात्पर्य, सराफाची भाषा अंतर लपवीत नव्हती. अंतरामुळे काय काय बिघडू शकते याची जणू यादीच तिने आपल्या शब्दसंग्रहात करून ठेवली होती.

यंत्रांच्या बाबतीत आरंभ उलट दिशेने झाला. १९७६ साली जेम्स व्हाइट यांनी अर्पानेट या अमेरिकन जाळ्यासाठी लिहिलेल्या एका टिपणात अशी सूचना केली की, दूरच्या यंत्रावरील सामग्री वापरणे हे प्रोग्रामरला आपल्याच यंत्रातील क्रियेस हाक मारण्याइतके परिचित वाटावे. पुढे ब्रूस नेल्सन यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८१ साली याच विषयावर प्रबंध लिहिला. त्यांनी अँड्र्यू बिरेल यांच्यासह १९८४ साली प्रसिद्ध केलेला निबंध या शाखेचा पायाभूत ग्रंथ मानला जातो. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात मेसा नावाची भाषा वापरात होती. तिच्यात प्रत्येक घटकाने बाहेरच्यांसाठी कोणत्या क्रिया खुल्या आहेत याचे स्वतंत्र प्रकटपत्र लिहावयाची रीत होती. लूपाइन नावाची आज्ञावली ते प्रकटपत्र वाचून दोन्ही बाजूंचे स्टब आपोआप तयार करी. स्वयंचलित मुखत्याराचा हा पहिला ठळक नमुना.

या निबंधातील दोन गोष्टी पुढे बहुतेकांच्या विस्मरणात गेल्या, म्हणून त्यांची नोंद थोड्या विस्ताराने करावयास हवी. पहिली अशी की, प्रत्येक हाकेस एक ओळखचिन्ह दिलेले असे. उत्तर न आल्यामुळे तीच हाक पुन्हा पाठवावी लागली, तर पलीकडचे यंत्र त्या चिन्हावरून ती दुसरी प्रत आहे हे ओळखी आणि काम दोनदा करीत नसे. पेठ आणि परपेठ यांमागील विचारच हा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. उत्तर परत आले तर काम नेमके एकदा झाले, अशी हमी लेखकद्वयाने दिली. परंतु हाक फसली, तर काम एकदा झाले असेल किंवा मुळीच झाले नसेल, आणि यांपैकी काय झाले हे हाक मारणाऱ्यास कळणार नाही, असे त्यांनी स्पष्ट नमूद केले. मुखत्याराचे गुणगान करणाऱ्या निबंधातच त्याच्या अज्ञानाची ही कबुली आहे. दूरस्थ सेवेच्या पुढील साऱ्या इतिहासातील कळीचा मुद्दा हाच होय.

त्यानंतरचे दशक या कल्पनेच्या प्रसाराचे. सन कंपनीने आपल्या यंत्रणेबरोबर करारावरून स्टब घडविणारे साधन दिले. १९९१ पासून कोर्बा या नावाने अनेक कंपन्यांचा संयुक्त प्रयत्न चालू झाला. त्याचा तपशील येथे सोडून देण्यास हरकत नाही. १९९४ साली मात्र सन कंपनीच्याच प्रयोगशाळेतून जिम वाल्डो व त्यांचे तीन सहकारी यांचे एक छोटेखानी टिपण निघाले आणि त्याने या सर्व खटाटोपाच्या मुळावर बोट ठेवले. जवळची हाक आणि दूरची हाक एकसारखी दिसावी, हे ध्येयच चुकीचे आहे, असा त्यांचा निष्कर्ष. विलंब, स्मृतीची वेगळी घरे आणि एकाच वेळी चालणारी अनेक कामे ही कारणे त्यांनी दिली. पण भर होता तो अंशतः होणाऱ्या बिघाडावर. घरातील यंत्र बिघडले तर सगळेच थांबते. दूरचे यंत्र बिघडले तर अर्धे जग चालू राहते, आणि चालू असलेल्या अर्ध्यास दुसऱ्या अर्ध्याचे वर्तमान समजत नाही.

हा इशारा छापून चार वर्षे होतात न होतात तोच ती चूक फार मोठ्या प्रमाणावर पुन्हा करण्यास सुरुवात झाली. (चूक म्हणणे काहीसे कठोर होईल, तिच्या पोटातून पुष्कळ उपयुक्त गोष्टीही जन्मास आल्या.) वेब सर्वत्र पोहोचले होते. त्याच्याच वाटेने एक्सएमएल या खुणांच्या भाषेत निरोप पाठविण्याची साधी पद्धत १९९८ साली पुढे आली आणि तिचीच भारदस्त आवृत्ती म्हणजे सोप. मे २००० मध्ये प्रसृत झालेल्या सोपच्या १.१ या मसुद्यावर आठ नावे आहेत. त्यांतील सतीश थत्ते हे नाव मराठी वाचकाच्या कानास परके वाटणार नाही. पाठोपाठ मार्च २००१ मध्ये सेवेचे वर्णन करण्याच्या भाषेचा, म्हणजे डब्ल्यूएसडीएलचा मसुदा आला. त्याच्या चार लेखकांत श्रीलंकेचे संजीव वीरवर्णा होते. सोप हे मूळचे चार इंग्रजी शब्दांचे आद्याक्षरी रूप आणि त्यातील पहिला शब्द ‘सोपे’ अशा अर्थाचा होता. पद्धत इतकी अवजड होत गेली की, २००३ च्या १.२ आवृत्तीत या अक्षरांचा विस्तार सोडून देण्यात आला आणि ते केवळ नाव उरले. व्युत्पत्ती विसरल्यावरच शब्द स्थिरावतो, याचे इतके प्रामाणिक उदाहरण नैसर्गिक भाषांत क्वचितच सापडेल.

डब्ल्यूएसडीएलच्या दस्तात कोणत्या प्रकारची माहिती देवघेवीत येईल, कोणते निरोप असतील, कोणत्या क्रिया खुल्या आहेत, त्या कोणत्या वाहनाने पाठवावयाच्या आणि सेवेचा पत्ता काय, हे सर्व क्रमाने लिहिलेले असते. तो वाचून मुखत्यार घडविण्याचे काम यंत्राकडे सोपविलेले. २००२ च्या फेब्रुवारीत आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट संचात एका चौकटीत पत्ता लिहून कळ दाबली की मुखत्यार तयार होई. जावा भाषेत अपाची अ‍ॅक्सिस या संचाचे साधन तेच काम करी, आणि २००६ अखेर हे सामर्थ्य जावाच्या मूळ संचातच समाविष्ट झाले. पुणे, मुंबई, बंगळूर येथील सॉफ्टवेअर कंपन्यांत त्या दशकात कामास लागलेल्या पिढीचा दूरस्थ सेवेशी पहिला परिचय पुष्कळदा याच मार्गाने झाला. सेवा पलीकडच्या खंडात असे; हाक मात्र एका ओळीची.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने या दस्ताकडे पाहिले तर तो एका लहानशा भाषेचे व्याकरण आणि शब्दसूची आहे, असे दिसते. कोणता घटक कोठे येईल, किती वेळा येईल, कोणत्या वर्गाचा असेल, हे तो काटेकोर सांगतो. अर्थाविषयी मात्र तो मौन पाळतो. ‘रक्कम’ नावाचे पद दशांश संख्या आहे हे त्यातून कळते. ती रुपयांत की पैशांत हे कळत नाही. मुखत्यार व्याकरणशुद्ध निरोप पोहोचवितो आणि तेवढ्याने अर्थही पोहोचला अशी हाक मारणाऱ्याची समजूत होते. २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ नष्ट झालेल्या अमेरिकन यानाचे प्रकरण वेब सेवेचे नव्हते, पण दोष याच जातीचा होता: आकडे एका गटाने ब्रिटिश मापात दिले आणि दुसऱ्याने ते मेट्रिक समजून वाचले. देवघेवीतील आकडे आकडे म्हणून निर्दोष होते.

याहून सूक्ष्म प्रश्न अभावाचा. एखादे ऐच्छिक पद निरोपात नसणे, ते असून रिकामे असणे, आणि ‘येथे मूल्य नाही’ अशी खूण करून असणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणिनीय परंपरेने लोपाला संज्ञा देऊन न दिसण्यालाही व्याकरणात स्थान दिले. आधुनिक रूपविचारात शून्यप्रत्यय मानतात तो याच कारणाने. मुखत्यार घडविणाऱ्या यंत्रांपुढेही हाच पेच होता. संख्येच्या वर्गातील पदाला ‘नाही’ असे मूल्य त्या वेळच्या डॉटनेट भाषांत सहजी देता येत नसे. म्हणून यंत्र अशा प्रत्येक ऐच्छिक पदासोबत दुसरे एक होय-नाही पद घडवी आणि त्याच्या नावाच्या शेवटी ‘स्पेसिफाइड’ हा शब्द जोडी. प्रोग्रामरने संख्या भरली, पण हे जोडपद ‘होय’ करावयाचे विसरला, तर भरलेली संख्या निरोपातून गुपचूप गळून जाई. तक्रार कोठेही उमटत नसे, कारण निरोप व्याकरणाने शुद्धच असे. बोलणाऱ्याने शब्द उच्चारावा आणि ऐकणाऱ्यापर्यंत शून्य पोहोचावे, अशी ही स्थिती. या एका पदापायी दिवसच्या दिवस खर्ची घातलेले प्रोग्रामर त्या पिढीत पुष्कळ आढळतात.

एका कंपनीच्या यंत्राने घडविलेला मुखत्यार दुसरीच्या सेवेशी नीट बोलेना, तेव्हा २००४ मध्ये कंपन्यांच्या संयुक्त मंडळाने नियमावली काढून निरोपांची एक जुनी बांधणी निषिद्ध ठरविली. तोवर वारा फिरलेला होता. रॉय फील्डिंग यांनी २००० सालच्या आपल्या प्रबंधात वेबच्या मूळ स्वभावास धरून चालणारी रेस्ट ही रचना मांडली होती. तिच्यात क्रियांच्या हाका नाहीत, साधनांच्या रूपांची देवघेव आहे. साधे पत्ते आणि जेसनचे आटोपशीर निरोप लोकांना आवडले. २०१८ मध्ये जावाच्या अकराव्या आवृत्तीतून सोपची साधने मूळ संचाबाहेर काढण्यात आली. परंतु मुखत्यार गेला नाही. गूगलने २०१५ मध्ये खुल्या केलेल्या जीआरपीसीमध्ये करार लिहावयाचा आणि त्यावरून स्टब घडवावयाचे, हीच जुनी पद्धत आहे. फरक एवढाच की, प्रत्येक हाकेस मुदत घालावी हा आग्रह आता उघडपणे धरला जातो. मुदती हुंडी शब्दशः नव्हे, पण वृत्तीने परत आली.

भारतात शासनाने आणि बँकांनी दूरस्थ सेवांचे मोठे जाळे उभारले ते या सर्व अनुभवानंतर, आणि त्याचा पहिला अध्याय नाशिक महसूल विभागात घडला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी पहिले आधार क्रमांक देण्यात आले. हा क्रमांक धारण करणाऱ्याची ओळख पटविण्याची सेवा प्राधिकरणाने वेबवरून खुली केली. तिच्या २०१२ च्या विवरणात सोपचा थाट नाही: एक्सएमएलचा निरोप सांकेतिक रूपात ठराविक पत्त्यावर पाठवावयाचा आणि उत्तरात ‘वाय’ किंवा ‘एन’, म्हणजे होय किंवा नाही, एवढे एक अक्षर मिळवावयाचे. निरोपाची रचना व पदांचे वर्ग सांगणारा करार आहे. हाक घरातलीच आहे असा आभास उत्पन्न करण्याची धडपड नाही. ‘नाही’ सोबत कारणाचा आकडाही येतो. ३०० म्हणजे बोटांचे ठसे वा अन्य शारीरिक खूण जुळली नाही. ५६१ म्हणजे निरोप शिळा झाला. मात्र निरोप प्राधिकरणाच्या केंद्रापर्यंत पोहोचलाच नाही, तर केंद्राने कोणताही आकडा देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्या स्थितीचे नाव पाठविणाऱ्यालाच ठेवावे लागते.

मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ११ एप्रिल २०१६ रोजी पुढे आणलेल्या यूपीआयमध्ये ही जाणीव रचनेतच उतरली आहे. तेथे निरोपास आधी केवळ पोच मिळते आणि खरे उत्तर नंतर स्वतंत्र निरोपाने येते. प्रत्येक व्यवहारास ओळखचिन्ह असते. उत्तर आले नाही, तर त्या व्यवहाराचे काय झाले हे विचारण्यासाठी वेगळी हाक ठेवलेली आहे. पैसे एका खात्यातून निघाले, दुसऱ्यात जमा झाले की नाही हे ठरेना, अशा अवस्थेस व्यवहारात ‘डीम्ड’ हे नावही मिळाले. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने या अवस्थेला कालमर्यादा घातली: एका व्यक्तीकडून दुसरीकडे जाणारी रक्कम जमा होऊ शकली नाही तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत परत व्हावी, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसास ग्राहकाला १०० रुपये भरपाई मिळावी. बिरेल आणि नेल्सन यांनी ‘हाक मारणाऱ्यास कळणार नाही’ म्हणून जे सोडून दिले होते, त्याची अशी दिवसागणिक किंमत ठरली.

शिधावाटपाच्या दुकानात हाच प्रश्न अधिक बिकट रूप घेतो. महाराष्ट्रात २०१७–१८ च्या सुमारास दुकानांतून ई-पॉस यंत्रे आली. दुकानातील यंत्राकडून निघालेली हाक मधल्या संस्थांच्या साखळीतून आधारच्या केंद्राकडे जाते, आणि उत्तर त्याच साखळीने परतते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या डोंगराळ तालुक्यांत, किंवा नंदुरबारच्या अक्कलकुवा व धडगाव भागांत, या साखळीची पहिलीच कडी पुष्कळदा सुटलेली असते. येथे ‘नाही’ हे उत्तर आणि उत्तरच नसणे यांत केवढा भेद आहे हे तर्काला सहज पटते: पहिले विधान आहे, दुसरे विधानाचा अभाव. पण पाटीवर घेतलेल्या धान्याच्या दृष्टीने दोहोंचा परिणाम एकच होऊ शकतो. केंद्र सरकारच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले की, यंत्राने ओळख पटली नाही वा जोडणी मिळाली नाही एवढ्यावरून पात्र कुटुंबास धान्य नाकारू नये. या सूचनेचा अंमल व्हावयाचा तर दुकानदाराला आधी तीन अवस्था वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत: खूण जुळली नाही, निरोप शिळा झाला, निरोप गेलाच नाही. दुकानापुढील रांगेत ऐकू येणारे वाक्य मात्र ‘थम लागत नाही’ हे असते. त्यात कर्ता अंगठा आहे, क्रिया अंगठ्याची आहे, आणि ३०० हा आकडा व रेंज नसणे यांना वेगळे शब्द नाहीत.